नाव कमी करण्याचा अर्ज

कोल्हार,
२ मार्च २०२५

शोभाकाकू,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडायचं आहे. तुमच्याशी नाही, कॉलेजशी. पण कॉलेज इथून साठ किलोमीटर लांब आहे आणि माझी पत्रं वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून तुमच्यावर. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोलावं तर इथे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या एकमेकींना चिकटून; सगळी टोळी माझं भांडण ऐकेल आणि वर सल्ले देईल.

काल आबांच्या मोबाईलवर मेसेज आला. माझी शिष्यवृत्ती रद्द. कारण काय, तर 'विद्यार्थिनीने महाविद्यालय सोडले'. मिळालेला हप्ता परत करा आणि बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची पूर्ण फी भरा. मी कधी सोडलं कॉलेज? माझी पुस्तकं, कपडे, बादलीसुद्धा तुमच्या मागच्या खोलीत आहे. कॉलेज सोडणारी मुलगी बादली ठेवून जाते का?

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हंगामाच्या तिसऱ्याच दिवशी आई ट्रॉलीवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. आई बसली म्हणजे आबाही बसले. म्हणून मी चार महिन्यांसाठी आले. पळून नाही आले, ऑफिसात रीतसर सांगून आले.

मेसेज वाचून दाखवला तर आबा म्हणाले, "जाऊ दे पोरी. शिकलीस तेवढं लई झालं." आणि गहिनीनाथ मुकादम तर टपूनच बसलेत. "हनुमंता, दिवाळीच्या आत पोरीचं लगीन लावून दे, नवा कोयता तयार हुतोय. उचल मी देतो." काकू, शिष्यवृत्ती गेली तर कॉलेज गेलं. आणि कॉलेज गेलं तर या दिवाळीला माझ्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात कोयता. मला दोन्ही नको. काय करायचं ते सांगा.

आता नमस्कार.

सुकन्या

*

अहिल्यानगर,
६ मार्च २०२५

सुकन्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही कुणाला रद्द करता येत नाहीत. आता कान इकडे कर.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली नऊ हेडक्लार्क म्हणून. ऐक. गैरहजर राहणं वेगळं आणि नाव काढून घेणं वेगळं. गैरहजर मुलीला नोटीस जाते, प्राचार्य रागावतात, कारण बघून थोडी सूट देतात. शिष्यवृत्ती फार तर अडकून पडते. नाव काढलेली मुलगी मात्र त्या दिवसापासून विद्यार्थिनीच राहत नाही. मग सरकार म्हणतं, विद्यार्थिनी नाही तर पैसे कसले? दिलेलेही परत आणा. तू कुणाला न सांगता निघून गेली असतीस तर आज वाचली असतीस. तू सांगून गेलीस म्हणतेस. कुणाला सांगितलंस आणि काय लिहून दिलंस? शब्दन् शब्द कळव.

उपाय आहे आणि सोपा आहे. आमच्या ओळखीचे डॉक्टर दाखला देतील. नोव्हेंबरापासून तुला कावीळ होती, आजारपणात घाबरून अर्ज दिलास, आता बरी आहेस, अर्ज मागे घेते. ऑफिसातल्या वरदला मीच काम शिकवलं आहे, तो माझा शब्द मोडणार नाही. तू फक्त ये, सही कर आणि तोंड बंद ठेव. शेवटचं तुला जड जाईल हे मला माहीत आहे.

आईच्या हाताला गरम पाण्याचा शेक चालू आहे ना?

शोभाकाकू

*

कोल्हार,
१२ मार्च २०२५

शोभाकाकू,

आईचा हात वाकडा जोडला गेलाय. भाकरी थापते, पण मोळीची गाठ काही आता तिच्याच्यानं आवळायची नाही.

आता कुणाला सांगितलं ते. आमच्या गावच्या शाळेत पहिलीपासून एक रीत आहे. आई-बाप ऊसतोडीच्या फडावर निघाले की आदल्या दिवशी गुरुजींना सांगायचं. गुरुजी शिक्षण हमी कार्ड लिहून द्यायचे. ते फडाजवळच्या शाळेत दाखवायचं, चार महिने तिथे बसायचं, आणि पाडव्याला परत आलं की आपलं नाव आपल्या हजेरीत जसंच्या तसं. न सांगता गेलं त्याला गुरुजी म्हणायचे, पळालं. सांगून गेलं ते गेलेलं नसतंच, परत येणारच असतं. सहा वर्षं मी अशीच शिकले.

म्हणून नोव्हेंबरात मी ऑफिसात जाऊन वरद सरांना म्हटलं, सर, मी फडावर चाललेय, पाडव्याला येते, माझं कार्ड द्या. ते हसले. "कार्ड नसतं इथे. हा फॉर्म आहे, सही कर." वर छापलं होतं, 'नाव कमी करण्याचा अर्ज'. मला वाटलं, तेवढ्या दिवसांपुरतं हजेरीतून कमी, मग परत जमा. मी सही केली. आणि त्यांना थँक्यू म्हटलं. थँक्यू, काकू! शिष्यवृत्ती गेली त्याच्यापेक्षा त्या थँक्यूचा मला जास्त राग येतो.

डॉक्टरचा दाखला मी आणणार नाही. मला कावीळ झाली नव्हती. मी चार महिने ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून ट्रॉलीत चढवल्या. दाखला हवा असेल तर तळहात दाखवते. आजारी पडलेली मुलगी कॉलेजला चालते आणि आईच्या जागी राबलेली चालत नाही, हे कुठलं शहाणपण?

आणि मी एकटी नाही. आमच्यापासून चार कोप्या सोडून जया राहते, शेवगावकडची, बी.ए. पहिलं वर्ष. तिनंही जाताना सांगितलं, तिलाही तोच फॉर्म. तिच्याकडे झेरॉक्स आहे. रविवारी बाजारात दुसऱ्या टोळीतली दोघं भेटली, आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातली. त्यांनाही तोच. आतापर्यंत नऊजण सापडलेत. मी नावं लिहून घेतेय. सगळी सांगून आलेली, गुरुजींची शहाणी पोरं.

सुकन्या

*

अहिल्यानगर,
१७ मार्च २०२५

सुकन्या,

तू उपाय विचारला होतास की पुढारीपण करायला परवानगी मागितली होतीस? नऊजणांची मोट बांधायला जाशील आणि तुझंच घोडं अडेल. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं. ज्याचं त्यानं बघावं.

त्या फॉर्मशी डोकं आपटण्यात अर्थ नाही. 'मी स्वेच्छेने व पूर्ण विचारांती' असं त्यावर स्पष्ट छापलेलं आहे आणि खाली तुझी सही आहे. पालकाच्या सहीची जागाच मुद्दाम ठेवलेली नाही, त्यामुळे वडिलांना विचारलं नव्हतं असंही तुला म्हणता येणार नाही. अर्ज पक्का आहे. त्यातून बाहेर पडायला आजारपण हीच एक वाट आहे, आणि ती मी तुला फुकट उघडून देते आहे.

खोटं बोलायचं नाही म्हणतेस. चांगलं आहे. तत्त्वं सांभाळून दिवाळीला बोहल्यावर चढ. डॉक्टर शुक्रवारी भेटतील. अकराच्या आत ये.

शोभाकाकू

*

कोल्हार,
२२ मार्च २०२५

काकू,

शुक्रवारी आले नाही ते तुम्हाला कळलंच असेल.

मी तुम्हाला फॉर्मवर वर काय छापलं होतं तेवढंच लिहिलं होतं. 'स्वेच्छेने व पूर्ण विचारांती' हे मी लिहिलं नव्हतं, मला ते आठवतही नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर जयाची झेरॉक्स काढून बघितली. शब्द न् शब्द तुम्ही लिहिला तसाच आहे. आणि पालकाच्या सहीची जागा खरंच नाही.

नाही, ठीक आहे. पण ती मुद्दाम ठेवलेली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पाडव्याला आम्ही गावी पोचतोय. उत्तर तिकडे पाठवा. तुमच्याकडे उत्तर आहे, असं मला वाटतंय.

सुकन्या

*

अहिल्यानगर,
१६ एप्रिल २०२५

सुकन्या,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांत मी फार शहाणी दिसत होते.

तो फॉर्म माझा आहे.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या कॉलेजला तपासणीचं पथक येणार होतं. जिल्ह्याच्या पूर्व भागातली ऊसतोड्यांची पोरं दिवाळी झाली की दिसेनाशी व्हायची आणि हजेरीची सरासरी खाली यायची. प्राचार्य म्हणाले, "धर्माधिकारीबाई, काहीतरी करा." मी एका दुपारी बसले आणि हा अर्ज तयार केला. नाव पटावरच नसलं की पोर गैरहजरही नसतं. 'स्वेच्छेने' हा शब्द मी घातला. पालकाची सही मी गाळली, कारण आई-बाप आले की प्रश्न विचारतात, आणि खिडकीपुढची रांग वाढते. पथक खूश झालं. संस्थेनं तोच फॉर्म सगळ्या कॉलेजांत लावला. माझा सत्कार झाला. मी फुलून गेले होते, सुकन्या, खोटं कशाला सांगू.

पट किती स्वच्छ दिसायचा! त्यातून किती पोरं पुसली गेली ते मी कधी मोजलं नाही. खिडकीतून फॉर्म द्यायचा, सही घ्यायची, पुढचा या. त्यातलीही कुणी मला थँक्यू म्हणाली असतील. म्हणालीच असतील.

दाखल्यासाठी तुझ्या मागे लागले ते तुझं भलं व्हावं म्हणून, हे खरं आहे. आणि फॉर्मची कुठे चर्चा होऊ नये म्हणून, हेही तेवढंच खरं आहे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वाटलं होतं की आता कुणी विचारत नाही.

काय बोलायचं ते बोल. खोलीला मी दुसरं कुणी ठेवलेलं नाही.

शोभा

*

पाथर्डी तालुका, घरून,
२२ एप्रिल २०२५

काकू,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाईनं कबूल तरी केलं. आपल्या मुकादमानं कदी केलंय का?" आई मोठ्या मनाची आहे. मी नाही.

मी तुमच्यावर खूप चिडले आहे. वर्षभर तुमच्या घरात राहिले. एक तास बुडवला तर तुम्ही मला जेवताना बोलून बोलून घास गिळू द्यायचा नाहीत. मला वाटायचं, या बाईला माझ्या शिक्षणाची माझ्यापेक्षा जास्त काळजी. आणि माझ्यासारख्या पोरांना बाहेर काढायचं दार तुम्हीच बसवलं होतंत. तेही एका दुपारी. मी त्या दुपारी जन्मलेसुद्धा नव्हते.

पण मला तुमचा पश्चात्ताप नको आहे. तो ठेवायला आमच्या घरात जागा नाही. मला तुमची सही हवी आहे. हे सगळं जसं मला लिहिलंत तसं प्राचार्यांना आणि संस्थेला लिहा. फॉर्म कोणी केला, कशासाठी केला, पोरं कॉलेज सोडून जात नव्हती, सांगून जात होती. आणि स्वतः नेऊन द्या.

घाई का, तेही ऐका. गावी आल्यावर सगळ्यांची यादी मी कॉलेजला पोस्टानं पाठवली होती, आणि परवा वरद सरांचा आबांना फोन आला. "तुमच्या एकट्या मुलीचं बघतो. बाकीच्यांची यादी तेवढी मागे घ्या." आबांना ते पटलं. ते म्हणाले, "आपलं तेवढं पदरात पाडून घ्यावं. लोकांची पोरं लोक बगतील." मी नाही म्हटलं. तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसतात, जेवतात, उठतात. मुकादम आले की मात्र त्यांच्याशी बोलतात.

यादीत आता माझ्यासकट अकरा नावं आहेत. त्यातलं एकही मी खोडणार नाही. माझं वर्ष गेलं तरी चालेल असं म्हणायची माझी ऐपत नाही, काकू. चालणार नाही. मला माझं वर्ष हवं आहे आणि अकराही हवे आहेत. तुम्ही जाताय की नाही, एवढंच लिहा.

सुकन्या

*

अहिल्यानगर,
७ मे २०२५

सुकन्या,

गेले होते. सोमवारी.

निवेदन माझ्या हातानं लिहिलं, पाच पानं, तीन प्रती. एक कॉलेजला, एक संस्थेला, एक समाजकल्याण कार्यालयाला. तिन्हीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी वरदला शिकवलं होतं. सोमवारी तेच त्याच्यावर उलटलं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला यात पडता?" मी म्हटलं, "पडत नाही रे, सत्तावीस वर्षांपूर्वी पडले होते, आता उठते आहे. शिक्का मार."

मग प्राचार्यांनी आत बोलावलं. भला माणूस आहे, पण घाबरट. म्हणाले, बाई, संस्थेची बदनामी होईल, तुमच्या नावाला बट्टा लागेल, पुन्हा विचार करा. मी कानाला हात लावून म्हटलं, "ऐकू येत नाही. लेखी द्या." ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, लेखी द्या. दाराबाहेर दोन शिपाई आणि चार प्राध्यापक ऐकत होते. लेखी काही त्यांनी दिलं नाही. बहिरेपणाचा असा उपयोग असतो हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, अर्ज स्वेच्छेनं दिलेला आहे, नियम स्पष्ट आहे. मी म्हटलं, "नियम मला शिकवू नका. त्या मुलीनं परत यायचं कार्ड मागितलं, तुम्ही तिला जायचा कागद दिलात. अकराही जणांनी येतो म्हणून सांगितलं होतं. त्यांना समोर बसवून विचारा. आणि तो शब्द मी घातला आहे, तो खोटा आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

संस्थेतून त्याच दिवशी एका जुन्या ओळखीच्यांचा फोन आला, की या वयात हे शोभतं का. मी म्हटलं, हो.

वडिलांना माझा नमस्कार सांग. ते चिडले आहेत ते तुझ्यावर नाही. एकाचं काम होत असताना अकरांसाठी हट्ट धरणारी मुलगी घरात असणं, हे बापाला सोपं नसतं. मलाही नव्हतं.

आता वाट बघायची. ते तुला जमत नाही, तरी बघ.

शोभाकाकू

*

पाथर्डी तालुका, घरून,
२८ जून २०२५

शोभाकाकू,

आदेश आला! अकराही जणांचा. 'नाव कमी' केल्याचा शेरा रद्द, चार महिने गैरहजर धरले. ज्याचं त्याचं वर्ष पुन्हा करायचं, म्हणजे माझं दुसरं, पण शिष्यवृत्ती चालू राहील आणि हप्ता परत करायचा नाही. तुमच्या फॉर्मचं काय, तर 'विचाराधीन'. म्हणजे अजून खिडकीत आहे. त्याच्याकडे आपण दोघी मिळून बघू. तुमच्यावरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही, पण आता तो कामाला येईल.

आदेश आला तेव्हा मी नाचले वगैरे नाही. जयाचं लग्न वैशाखातच लावून दिलं. आदेशात तिचंही नाव आहे. मी तो घेऊन तिच्या सासरी गेले. सासू लंकाबाई म्हणाल्या, "आता कशाला त्यो कागद?" मी म्हटलं, "नाव तिचं हाय. तिच्याच हातात देनार." आणि त्या बघत असताना जयाच्या हातात दिला. तिनं तो वाचला, मग पुन्हा वाचला. काकू, दीड महिना आधी आला असता तर?

आता घरचं. काल गहिनीनाथ मुकादम आले, नव्या हंगामाची उचल ठरवायला. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हनुमंता, कसं करायचं? पोरीचं जुळवतोस का औंदा? जोडी लिवतो." आदेश येऊन आठ दिवस झाले होते, पण आबा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. वाचून दाखवला तेव्हासुद्धा नुसती मान हलवून शेरडांकडे गेले होते. मी दाराआड उभी होते. ते हो म्हणाले असते तर मी बाहेर येऊन भांडणार होते, सगळं पाठ करून ठेवलं होतं.

आबा म्हणाले, "न्हाई. अर्धा कोयता लिवा."

अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस. त्याला उचल निम्मी, आणि टोळीत मान त्याहून कमी. तोडायचंही त्यानंच, बांधायचंही त्यानंच, वाहायचंही त्यानंच. बायको मेलेला नाहीतर सोडून गेलेला माणूस अर्धा कोयता धरतो. मुकादम हसायलाच लागले. "ह्या वयात अर्धा? लोकं त्वांडात श्यान घालत्याल, हनुमंता."

"घालू द्या," आबा म्हणाले. "बायकूचा हात गेला. पोरगी कालिजात हाय. ऱ्हायलो मी. माजंच नाव लिवा."

मुकादम गेल्यावर मी बाहेर आले. भांडणासाठी पाठ केलेलं सगळं विसरले होते. मी म्हटलं, आबा, एकट्याला मोळ्या उचलणार नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत मी येते, पंधरा दिवस तरी.

दोन महिन्यांनी ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ओरडलेच. "फडात पाऊल टाकून बग तू. तंगडं तोडून हातात दीन."

मी सोमवारी पहिल्या एसटीनं येतेय.

सुकन्या